नळीवरची माती

आधीच सांगून ठेवते, मी त्या दिशी बोलले होते. "आधी माती काढून तर बघा," असं समद्यांच्या तोंडावर म्हणलं होतं, एकदा न्हाई, घसा बसंस्तोर. पर आमच्या घरात बाईचं ऐकायची रीत असती तर मग काय पायजे होतं!

मी केशर. घरातली थोरली सून. आमचं गाव गंगेच्या काठाला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, नकाशात काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला मालूम. मी लग्न होऊन आले तव्हा माझा दीर सुग्रीव अंगणात नागवा पळायचा. सासू त्याच वर्सी गेली. म्या त्याला न्हाऊ घातलं, भाकर चारली, खरूज झाली तर कडुलिंबाचा पाला वाटून लावला. माझी स्वतःची लेकरं मागून झाली, पर पहिलं लेकरू म्हणाल तर त्योच. पुढं त्यो असा वाढला, असा वाढला, की दारातून यायचं म्हणलं तरी कमरेत वाकायचा. गावात तेवढा उंच गडी दुसरा न्हवता. झरीची दैवशाला त्याला म्याच पसंत करून आणली. ती त्याच्या काखेखाली मावायची. मी चिडवायचे तिला, "नवऱ्याशी बोलायचं तर बाजेवर चढ गं बया." ती लाजून पदर तोंडात धरायची.

मग ते वाईट वर्स आलं. निजामाचं राज्य जायच्या आधीचा उन्हाळा. रझाकारांची धामधूम चाललेली, दिवस मावळायच्या आत लोक कवाडं लावून घ्यायचे. सुग्रीव कापसाची गाडी घेऊन मानवतच्या बाजाराला गेला. सगळ्यांनी नको म्हणलं, पर ऐकंल तर सुग्रीव कसला! गेला त्यो गेलाच. गाडी न्हाई, बैल न्हाई, माणूस न्हाई. पुढं हिंदुस्थानची फौज आली, निजाम गेला, चावडीवर झेंडा लागला, गूळ वाटला. ज्यांची माणसं तुरुंगात होती त्यांची परत आली. आमचं आलं न्हाई. कुणी म्हणायचं, गंगेच्या वळणावर गाड्या अडवून माणसं कापली. कुणी म्हणायचं, हैदराबादला स्टेशनावर हमाली करताना दिसला. ज्याच्या तोंडाला जे येईल ते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांना नुसता धूर दिसतो.

दैवशालाचं कसं झालं सांगू? कुंकू असून सवाशीण न्हाई अन् नवरा नसून रंडकी न्हाई. गावात बायका ओटी भरायला निघाल्या की आमच्या दारात येऊन घुटमळायच्या. हिला बोलवावं का न्हाई, एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या. मी म्हणायचे, "काय गं, दारात मुंग्या चावायल्यात का? बोलवा की तिला!" मग बोलवायच्या. पर ती कुंकू काय लावायची! रोज सकाळी आरशापुढं बसून, मेण लावून, गोल, ठसठशीत, बंद्या रुपयाएवढं. कुणी काही म्हणू द्या. मला म्हणायची, "आक्का, मला कुणी सांगितलंय का ते न्हाईत म्हणून? मग?" 

अशी सहा वर्सं गेली. सहाव्या वर्सी गंगेला मोठा पूर आला अन् पाणी उतरल्यावर वळणावरची उंच दरड कोसळली. आमच्या शेजारचा मुंजाजी नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावायचा. त्यो जागा बघायला गेलता, त्यो पळत आला. "भुजंगदादा, दरडीत माणसाचं हाड दिसायलंय!"

भुजंग म्हणजे आमचे मालक. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पर सांगायचंय तर घ्यावंच लागतंय. हे गेले, कुदळीनं भोवतालची माती उकरली अन् गोणपाटात गुंडाळून ते घेऊन आले. हाड घरात आणायचं नसतं, म्हणून गोठ्यात ठेवलं. आमी सगळ्या जमलो. मधली नळी तेवढी उघडी होती, काळपट, तपकिरी. दोन्ही टोकांना मातीचे हे एवढाले गोळे, आत चुनखडी धरून दगडावानी झालेले. गोळ्यांसकट दीड हात लांब भरलं असंल.

पार्वतीकाकी आली. ही आमची चुलत सासू, भावकीतली सगळ्यांत म्हातारी. हिनं खोकलं तरी लोक म्हणायचे, काकीचा हुकूम झाला. तिनं लांबूनच बघितलं अन् छाती पिटून घेतली. "एवढी लांब पायाची नळी गावात दुसऱ्या कुणाची असणार रे? माझा सुग्रीव गं माय! वळणावरच कापलं म्हणत होते लोक, खरंच झालं!"

झालं. काकीनं म्हणलं म्हणजे देवानं म्हणलं. मालक डोक्याला हात लावून खाली बसले. बायकांनी गळा काढला. म्या म्हणलं, "अवं, नुसतं लांब हाय म्हणून काय झालं? आधी माती काढून तर बघा! टोकं दिसू द्या. मग रडा की, रडायला कुणी अडवलंय?"

काकी म्हणली, "तुला दिराचं दुःख न्हाई का गं केशर?"

माझ्या अंगाची आग झाली. "मला दुःख न्हाई? म्या त्याचा शेंबूड पुसलाय! तुमी काय पुसलं?"

"केशर, तू गप," मालक म्हणाले. तेवढंच म्हणाले, पर मोठ्यानं.

त्याच दिशी दुपारी दैवशालाला नदीवर नेली. खबर कळली की तव्हापासून सुतक लागतं, उशीर नको म्हणे. काकीनं अन् तिच्या बरोबरीच्या दोघींनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या दगडावर फोडल्या. मी तिथं गेले न्हाई. घरात चुलीपुढं बसून राहिले. ती परत आली तर मला वळखूच आली न्हाई. कपाळावर कुंकवाच्या जागी गोल पांढरा डाग, लग्नापासून ऊन न लागलेला. मी तिला पोटाशी धरली. ती रडली न्हाई. म्हणली, "आक्का, एका परीनं सुटले बघा. आता वाट बघायची न्हाई."

हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण तेवढाच एक आधार तिला मिळाला होता. माणूस मेला, त्याचं हाड सापडलं, त्याला गंगाखेडला नेऊन नदीत सोडायचं, बास. आमच्याकडं दूरदूरचे लोक अस्थी घेऊन गंगाखेडलाच येतात. रडून मोकळं व्हायला काहीतरी हातात लागतं माणसाला.

मालक गंगाखेडला उपाध्यांकडं विचारून आले. उपाध्ये म्हणाले, मातीचा गोळा अस्थी म्हणून सोडता येणार न्हाई. स्वच्छ करून आणा, सबंध आणा. जे गळंल, तुटंल, तेबी गोळा करून आणा. एक कणबी घरी राहिला तर जीव तिथंच अडकतो. अन् दहाव्यापर्यंत आणा.

मालक म्हणाले, "एखाद्या गड्याकडून घासून घेतो."

तव्हा कवाडाआडून आवाज आला. दैवशाला भासऱ्यापुढं, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढं, कव्हा चकार शब्द बोलली न्हवती. त्या दिशी बोलली. "त्येंच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई. मी काढीन माती."

मालकांनी मान खाली घातली अन् निघून गेले.

माती काढायच्या पहिल्या दिशी मालकांनीच घोळ केलता. हाड वाळावं म्हणून उन्हात ठेवलं. गड्यांची अक्कल! दुपारपर्यंत त्याला बारीक बारीक चिरा पडल्या, वाळल्या चिखलाला पडतात तशा. दैवशालानं बघितलं अन् तशीच पळत जाऊन उचलून गोठ्यात सावलीला आणलं. मग तिनं तांब्याभर पाणी ओतलं, माती विरघळंल म्हणून. माती विरघळली, पर मातीबरोबर हाडाचा एक पापुद्राबी सुटून हातात आला. काय किंचाळली ती! मी भाकरी टाकून पळाले. बघते तर पापुद्रा मुठीत धरून बसलेली. "आक्का, त्येंची कातडी निघाली गं, कातडी निघाली!"

"अगं हाडाला कसली कातडी," म्या म्हणलं. 

मग आमी दोघींनी मिळून तोड काढली. कुणी शिकवलं न्हाई, चुकत चुकतच कळलं. सुपात वेचलेल्या कापसाची गादी केली अन् त्यावर हाड निजवलं. निजवलं म्हणते मी, कारण ती तसंच म्हणायची. पाणी ओतायचं न्हाई. फडकं भिजवून, पिळून, एका जागी थोडा वेळ ठेवायचं. तेवढी जागा मऊ झाली की बाभळीच्या काट्यानं माती उकरायची. काट्याचं टोक हाडाकडं धरायचं न्हाई, आडवा धरून माती बाजूला सारायची. मग कडुलिंबाची काडी चावून तिचा कुंचा करायचा, त्यानं झाडायचं, फुंकर मारायची. जिथं चीर दिसंल तिथं बाभळीचा डिंक पाण्यात पातळ करून बोळ्यानं टिपायचा, अन् त्यो वाळंस्तोर त्या जागेला हात लावायचा न्हाई. पडलेला कण अन् कण वाटीत. उपाध्यांनी सांगितलं होतं ना, एकबी राहता कामा नये.

मधीच काकी आली शहाणपण शिकवायला. "अगं, देव घासता तसं लिंबू चोळा की! तांब्याचे देव कसे लखलख निघतात." दैवशाला भोळी, तिनं एका कोपऱ्यावर लिंबू पिळलं. फस्स करून फेस आला चुनखडीवर, अन् तिथला भाग खरबरीत झाला. तिनं झटकन पदरानं पुसून काढलं अन् पहिल्यांदाच काकीवर खेकसली, "भाजलं त्येंला! जा तुमी हितून!" काकी तोंड वासून बघतच राहिली. मला मनातून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

काम चालू झालं अन् दैवशालाचं तोंड उघडलं. सहा वर्सं जे बोलली न्हवती ते ती त्या सुपापुढं बसून बोलायची. मी गोठ्यात शेण काढायचे, तिला वाटायचं मी ऐकत न्हाई. "तुमी गेल्यावर गाय आटली बघा... तुमचं धोतर म्या कुणाला दिलं न्हाई... झरीला भावाला लेक झाली... लागलं का? हळू करते, हळू." असं. नळीच्या मधून वरून खाली एक लांब खाच निघाली. माती निघंल तशी ती खाच खोल दिसायली. तिनं बोट फिरवलं अन् मला हाक मारली. "आक्का, हितं कुऱ्हाड बसली असंल त्येंला." मग घरात जाऊन हळद आणली अन् त्या खाचेत भरली. जखमेवर भरतात तशी. मी काय बोलणार? मी शेणाचा पो उचलला अन् बाहेर गेले. उकिरड्यापाशी उभी राहून लय रडले.

पर मला रडण्याबरोबर भ्यावबी वाटायलतं. माझ्या ध्यानात दोन गोष्टी आल्या होत्या. एक म्हणजे वजन. सूप उचलताना हात भरून यायचा. माणसाच्या पायाचं हाड एवढं जड कसं? काटा लागला तर टणक वाजायचं, दगडावर दगड वाजावा तसं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हाड लहान व्हायलतं. खोटं न्हाई सांगत. एका टोकाची माती निघाली, लांबी कमी झाली. गोळ्याच्या आत हाड असंल असं आमाला वाटायचं, पर आत मातीच निघायची, नुसती माती. दीड हाताचं एक हात झालं, एक हाताचं त्याहून कमी. मी रोज डोळ्यांनी मापायचे अन् गप बसायचे. दैवशालालाबी दिसत असणारच. पर ती म्हणायची, "सहा वर्सं मातीत हायेत. झिजणारच की."

दहावा दोन दिसांवर आला तव्हा खालच्या टोकाचा शेवटचा गोळा राहिला होता. दुपारची वेळ. बैल दावणीला रवंथ करायलते. आमी दोघी सुपाच्या दोन बाजूंना बसलो होतो. तिनं फडकं काढलं, काटा आडवा घातला अन् मातीचा मोठा ढपला अलगद सुटून कापसावर पडला. तिनं काडीनं झाडलं. मग थांबली.

"आक्का, घोट्याला दोन गाठी कशा?"

म्या वाकून बघितलं. टोकाला शेजारी शेजारी दोन गोल गाठी होत्या अन् दोघींच्या मधी खोल फट. हातच्या काकणाला आरसा कशाला? शेतकऱ्याच्या घरात जन्म गेला आमचा. खूर फाटलेल्या जनावराची नळीच तशी असते, खाली दोन गाठी, एकेका खुराला एकेक. माळावर पडलेली आमी लहानपणापासून बघत आलोय. ही तेवढी नेहमीच्या बैलापेक्षा मोठी अन् दगड झालेली. पुढं कैक वर्सांनी एक शिकलेला माणूस मला म्हणला, गंगेच्या दरडीत हजारो वर्सांखालच्या जनावरांची हाडं अशी दगड होऊन सापडतात. म्या त्याला म्हणलं, सापडतात ना, मग तव्हाच येऊन का सांगितलं न्हाई रे बाबा?

लोक म्हणतात केशरच्या तोंडाला कुलूप न्हाई. त्या दिशी बसलं. मी म्हणलं, "माती राहिली असंल अजून," अन् मलाच माझा आवाज पटला न्हाई.

दैवशाला उठली. दावणीच्या बैलापाशी गेली, खाली बसली अन् त्याच्या मागल्या पायावरून हात फिरवत खाली खाली आली. खुराच्या वर, जिथं पाय वाकतो, तिथं तिनं दोन बोटांनी चाचपलं. बैलानं पाय झाडला तरी तिनं सोडला न्हाई. बराच वेळ धरून बसली. मग परत आली, सुपाजवळ मांडी घातली अन् काडी उचलली.

"आता काय करायलीस?" म्या विचारलं.

"राहिलेली माती काढते. अर्धवट कशाला ठेवायचं?"

अन् खरंच काढली. त्याच हळू हातानं, तसंच फुंकून फुंकून. दोन गाठींमधली फट तिनं काट्यानं कोरून साफ केली.  त्या दिसापासून त्या सुपापुढं ती एक शब्द बोलली न्हाई.

मी मात्र पेटले. तशीच उठले अन् ओसरीवर गेले. मालक होते, पार्वतीकाकी होती. म्या म्हणलं, "चला, गोठ्यात चला. बैलाची नळी हाय ती! बैलाच्या हाडासाठी तुमी माझ्या जावंचं कुंकू पुसलंत!"

मालक आले. बघितलं. उलटं करून बघितलं. त्यांचा चेहरा असा पडला की माझा निम्मा राग तिथंच उतरला. त्यांनाबी भाऊच होता त्यो. पर तोंडातून निघालं काय? "हे बाहेर बोलू नको."

"का बोलू नको? उद्या तिला आंघोळ घाला, कुंकू लावा, बांगड्या भरा. चूक झाली म्हणा. चुका काय माणसाला होत न्हाईत?"

काकी म्हणली, "बाई, पुसलेलं कुंकू परत लागत न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"लागत न्हाई म्हणजे लागत न्हाई. हाड कुणाचंबी असो, बाई रंडकी झाली ती झाली. भावकी जेवायला सांगितलीय. गाव काय म्हणंल? बैलाचं सुतक धरलं म्हणंल. लेकीबाळींची लग्नं व्हायची हायेत घरात."

"अन् उद्या सुग्रीव दारात आला तर?"

 मालकच बोलले, माझ्याकडं न बघता. "त्यो काय आता यायचा न्हाई, केशर. येणार असता तर आला असता." मग अजून हळू म्हणाले, "हेच त्याचं म्हणून सोडू. त्यालाबी काहीतरी मिळू दे."

म्या काय काय शिव्या दिल्या ते सांगत न्हाई. पर शिव्यांनी काय होतंय? भिताडावर डोकं आपटलं तर भिताड थोडंच फुटतं.

दुसऱ्या दिशी सकाळी म्या ठरवलं, कुणाला विचारायचंच न्हाई. माझा करंडा घेतला, मेणाची डबी घेतली अन् दैवशालाजवळ जाऊन बसले. ती जात्यावर दळायलती. म्या म्हणलं, "इकडं बघ. मी लावते. कोण काय म्हणतंय ते मी बघून घेते. तुझ्या वाटचं भांडण माझं."

म्या बोट कुंकवात बुडवलं अन् तिच्या कपाळाकडं नेलं. तिनं माझं मनगट धरलं. धरलं ते असं घट्ट की माझी बांगडी पिचली.

"नका आक्का."

"अगं, पर तुझा नवरा मेला असं कुठं ठरलंय आता?"

"म्हणूनच नका. एकदा पुसलंय त्या बायकांनी. कसं पुसतात ते तुमी बघितलं न्हाई, तुमी नदीवर आला न्हवता." तिनं माझा हात खाली ठेवला. "परत लावलं तर परत कव्हातरी पुसायला लागंल. दुसऱ्या बारीची ताकद माझ्यात न्हाई."

ती परत दळायला लागली. मी बोटाचं कुंकू कुठं पुसावं ते कळंना, शेवटी माझ्याच कपाळाला लावलं अन् लाज वाटली.

दहाव्याला आमी गाडीनं गंगाखेडला गेलो. हाड नव्या पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, वाटीतले कण वेगळ्या पुडीत. उपाध्यांनी फडकं सोडून बघितलं. त्यांची बोटं त्या दोन गाठींपाशी थांबली. त्यांनी मालकांकडं बघितलं, मालकांनी पाण्याकडं. मग उपाध्यांनी खाकरून विचारलं, "स्वच्छ कुणी केलं?"

"मी," दैवशाला म्हणली.

"फार निगुतीनं केलंय, बाई," ते म्हणाले. दुसरं काही बोलले न्हाईत. मंत्र म्हणायला लागले. त्यात सुग्रीवचं नाव आलं, बापाचं नाव आलं, गोत्र आलं. मालकांनी पाण्यात उतरून ते सोडलं. अस्थी म्हणलं की माणसाला वाटतं, थोडी तरंगंल, वाहून जाईल. हे दगडावानी सरळ खाली गेलं. कमरेएवढ्या पाण्यातच गेलं, मालकांच्या पायापाशीच कुठंतरी. दैवशालानं पुडी सोडली अन् हात जोडून डोळे मिटले. लय वेळ उभी होती. उपाध्ये दुसऱ्या लोकांकडं गेले तरी उभीच होती.

परतताना मालक म्होरं बसून गाडी हाकायलते, आमी दोघी मागं. निम्मी वाट सरली. मग मला राहवलं न्हाई. मी हळूच विचारलं, "एवढा वेळ गंगेला काय मागत होतीस गं?"

ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली होती. म्हणली, "सहा वर्सं रोज एकच मागितलं, आक्का. ते यावेत."

"अन् आज?"

"आज म्हणलं, येऊ नयेत."

 ती म्हणली, "आले तर मी ह्या कपाळानं म्होरं कशी जाऊ? त्येनी विचारलं, तुला कुणी सांगितलं मी मेलो म्हणून, तर काय सांगू? बैलाचं हाड सापडलं होतं म्हणू?" आवाज मोठा न्हवता तिचा. धान्य किती उरलंय ते सांगावं तसं सांगायली. "तुमी त्येंला लहानाचं मोठं केलंय. तुमी मागितलं तर गंगा ऐकंल. माझ्यासाठी मागा तुमी."

मी म्हणलं, "येड लागलं का तुला? लेकरू हाय माझं ते!" अन् तिच्याकडं बघितलं. ती माझ्या तोंडाकडं नुसती बघत राहिली. तिच्या कपाळावरच्या त्या पांढऱ्या डागावर ऊन पडलं होतं. गाडी चढ चढायली, मागं गंगा दिसायली.

म्या हात जोडले. अन् म्हणलं, गंगामाय, माझा सुग्रीव मेलेलाच असू दे.